मार्च महिन्यात आलेली शिष्यवृत्ती



परवा शेजारची मुलगी मोबाईल घेऊन आली. "आजोबा, हा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरून द्या ना." बारावी झाली, पुढे शिकायची इच्छा आहे, पण घरी दीड एकर धानाची बांधी. 'महाडीबीटी' उघडेपर्यंत आमचे नेटवर्क दोनदा गेले, आणि तेवढ्या वेळात माझे मन जुन्या काळात जाऊन आले.

शिष्यवृत्ती म्हटले की शिक्षकाला आधी बाबासाहेब आठवतात. ते इंटर झाले आणि घरचे पैसे संपले. तेव्हा कृ. अ. केळुसकर गुरुजींनी त्यांना सयाजीराव गायकवाडांकडे नेले. दरमहा २५ रुपये सुरू झाले. १९१३ साली बडोदा संस्थानाच्याच शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. दरमहा साडेअकरा पौंड, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी, असा करार होता.

ही गोष्ट आपण मुलांना इथपर्यंतच सांगतो. पण १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले, हे सांगत नाही. सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन ते १९२० साली परत लंडनला गेले. १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले.

पैसा मध्येच थांबला की काय होते, हे त्यांनी स्वतः भोगले होते. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी निधी मिळावा म्हणून त्यांनी आग्रह धरला. १९४४ पासून सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. थोड्याच वर्षांत ती आदिवासी मुलांनाही लागू झाली. राजाच्या मर्जीची गोष्ट आता हक्काची झाली.

पण हक्क असला तरी तो वेळेवर पोचावा लागतो ना!

आम्ही कॉलेजात होतो तेव्हाची गोष्ट. जिल्हा तेव्हा भंडारा होता. गोंदिया वेगळा झाला १९९९ साली. मी ई.बी.सी.च्या फी माफीवर शिकत होतो. माझा खोलीतला सोबती गोंड समाजाचा, गणितात माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. त्याची शिष्यवृत्ती मंजूर झाली होती, रक्कम मात्र येत नव्हती. खानावळीचे पैसे थकले. दिवाळीत तो धान कापायला म्हणून गावी गेला, तो परतलाच नाही. मार्चमध्ये नोटीस बोर्डावर यादी लागली. त्यात त्याचे नाव होते.

मी ते नाव वाचले आणि परीक्षेच्या अभ्यासाला बसलो. एस.टी. पकडून त्याच्या घरी गेलो नाही. पुढे पस्तीस वर्षे शिकवले, पण ही रुखरुख गेली नाही. केळुसकर गुरुजींनी स्वतःचे पैसे दिले नव्हते हो. कोणाचे दार ठोठवायचे हे त्यांना माहीत होते, आणि ते सोबत गेले. एवढेच.

मुलीचा फॉर्म भरून झाला. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार जोडलेले बँक खाते, सगळे दोनदा तपासले. तिला सांगितले, "दर पंधरा दिवसांनी ये, अर्ज कुठे अडला ते बघू. आणि मेसचे पैसे थकले तर घरी निघून जायच्या आधी मला फोन कर."

तुमच्याही आसपास असे एखादे पोर असेल. विचारून बघा.