अडथळ्यांच्या घोडशर्यती : हंगामअखेर

ब्रिटन व आयर्लंडमध्ये हिवाळाभर चालणाऱ्या अडथळ्यांच्या घोडशर्यतींचा शेवटचा टप्पा. मार्चच्या मध्यावर चेल्टनम महोत्सवाने तो सुरू होतो. एप्रिलमध्ये एनट्रीची ग्रँड नॅशनल, फेअरीहाउसची आयरिश ग्रँड नॅशनल आणि एअरची स्कॉटिश ग्रँड नॅशनल होते. एप्रिलअखेरच्या शनिवारी लंडनजवळच्या सँडाउन पार्कवर ब्रिटनचा हंगाम मिटतो, तर त्याच सुमारास पंचेसटाउनच्या पाच दिवसांच्या महोत्सवाने आयर्लंडचा. नव्या हंगामाची मोजणी त्यानंतर काही दिवसांतच सुरू होते आणि उन्हाळ्यातही अडथळ्यांच्या लहानमोठ्या शर्यती होत राहतात. पण हिवाळ्यात नाव कमावलेले बहुतेक घोडे तोवर कुरणात चरायला सोडलेले असतात, त्यामुळे शौकिनांच्या लेखी वर्ष एप्रिललाच संपते.

या शर्यतींचे मुख्य प्रकार दोन. हर्डल शर्यतीत किमान साडेतीन फूट उंचीचे, धक्का लागल्यास कलणारे हलके अडथळे असतात. स्टीपलचेसमध्ये किमान साडेचार फुटांची, काटक्या व फांद्या दाबून बांधलेली भक्कम कुंपणे असतात, काहींपुढे खंदक किंवा पाणी असते. अंतर साधारण दोन मैलांपासून चार मैलांच्या पुढे जाते. उगमाची परंपरागत कथा आयर्लंडमधील कॉर्क परगण्यातली आहे. १७५२ मध्ये कॉर्नेलियस ओकॅलहन आणि एडमंड ब्लेक यांनी बटेव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चच्या मनोऱ्यापर्यंत, मधली कुंपणे व ओढे ओलांडत, सुमारे साडेचार मैलांची पैज लावली असे सांगतात. घोड्यावरून शिकार करणाऱ्यांचा हा खेळ असल्याने तो शिकारीच्याच ऋतूत, म्हणजे हिवाळ्यात, वाढला. ओली, मऊ जमीन उडी मारून उतरणाऱ्या घोड्याच्या पायांना मानवते हेही कारण आहेच. वसंतात जमीन टणक होऊ लागली की ट्रेनर घोडे मागे घेऊ लागतात, आणि रेसकोर्सवाले धावपट्टीला पाणी देऊन ती मऊ ठेवण्याची खटपट करतात. हंगाम एप्रिलमध्ये का संपतो याचे निम्मे उत्तर मातीत आहे.

उरलेले निम्मे घोड्यात आहे. सपाट शर्यतींचा उत्तम घोडा दोन-तीन वर्षांच्या वयात चमकतो आणि बहुधा चौथ्या वर्षाच्या आत पैदाशीसाठी स्टड फार्मवर जातो. त्याची खरी किंमत पुढच्या पिढीत असते, आणि इंग्लंडच्या डर्बीसारख्या शर्यती खच्ची घोड्यांना खुल्याच नाहीत. अडथळ्यांचा घोडा मात्र बहुतांशी खच्ची केलेला असतो. त्याला पैदाशीचे भवितव्य नाही, म्हणून त्याच्यामागे घाईही नाही. तो चौथ्या-पाचव्या वर्षी मैदानात उतरतो, सातव्या-आठव्या वर्षी भरात येतो आणि अंग साथ देत असेल तर दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत दर हिवाळ्यात परत येतो. लोक त्याला नावानिशी, सवयींनिशी ओळखू लागतात. या खेळावरची माया मुख्यतः या परत येण्यावर उभी आहे, आणि हंगामअखेरीला जो भार येतो तोही त्यामुळेच. एप्रिलमध्ये कुरणात गेलेला दहा वर्षांचा घोडा ऑक्टोबरमध्ये परतेलच, याची खात्री कोणीच देऊ शकत नाही.

चेल्टनम महोत्सव ही या टप्प्याची सर्वोच्च कसोटी. २००५ पासून तो चार दिवसांचा आहे. १९२४ पासून भरणारी गोल्ड कप ही सव्वातीन मैलांची स्टीपलचेस तिथे शेवटच्या दिवशी होते. तीत हँडिकॅप नसते. ग्रँड नॅशनलसारख्या हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादून सर्वांना जवळ आणतात; गोल्ड कपमध्ये वजने जवळपास समान असल्याने उत्तम घोडा कोणता हे उघड होते. गोल्डन मिलरने ती १९३२ ते १९३६ अशी सलग पाच वर्षे जिंकली, आणि १९३४ मध्ये त्याच हंगामात ग्रँड नॅशनलही. एकाच वर्षी या दोन्ही शर्यती जिंकणारा तो आजवरचा एकमेव घोडा. टॉम ड्रीपर यांच्या तबेल्यातल्या आर्कलने १९६४ ते १९६६ अशी तीन वर्षे गोल्ड कप नेली आणि आयर्लंडमध्ये तो राष्ट्रपुरुषाच्या मानाला पोहोचला. २००७ चा विजेता कौटो स्टार २००८ मध्ये आपल्याच तबेल्यातल्या डेनमनकडून हरला आणि २००९ मध्ये परतून जिंकला. हरवलेली गोल्ड कप परत मिळवणारा तो पहिलाच घोडा.

ग्रँड नॅशनल लिव्हरपूलजवळच्या एनट्रीला होते. १८३९ ची लॉटरी नावाच्या घोड्याची शर्यत सामान्यतः पहिली मानतात. त्याच शर्यतीत कॅप्टन मार्टिन बीचर ज्या ओढ्यात पडले तो अडथळा आजही बीचर्स ब्रुक म्हणून ओळखला जातो. अंतर सव्वाचार मैलांहून थोडे अधिक, सुमारे ६.९ किलोमीटर, दोन फेऱ्यांत मिळून ३० उड्या. शेवटच्या उडीनंतरची लांब सरळ धाव थकलेल्या घोड्याची शेवटची परीक्षा असते. १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियाहून आलेला क्रिस्प हा घोडा बारा स्टोन, म्हणजे सुमारे ७६ किलो वजन घेऊन खूप पुढे निघून गेला होता. त्या सरळ धावेत त्याचे पाय जड झाले आणि बराच कमी भार घेऊन मागून आलेल्या रेड रमने त्याला अगदी थोडक्यात गाठले. क्रिस्पची ती हार पाहणारे आजही ती विजेत्याच्या बरोबरीने सांगतात, आणि ते योग्यच आहे.

रेड रम हा या नोंदीतला सर्वांत महत्त्वाचा घोडा. ट्रेनर जिंजर मॅकेन त्याला साउथपोर्टच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूत दौडवीत. १९७३ व १९७४ मध्ये विजय, १९७५ व १९७६ मध्ये दुसरा क्रमांक, १९७७ मध्ये पुन्हा विजय. १९७४ मध्ये एनट्रीनंतर काही आठवड्यांतच त्याने स्कॉटिश ग्रँड नॅशनलही जिंकली. पाच वसंत एकच घोडा त्याच शर्यतीत पहिला किंवा दुसरा येतो, हे सपाट शर्यतींच्या जगात घडणे जवळजवळ अशक्य. १९९५ मध्ये तो वारला तेव्हा त्याला एनट्रीच्या विजयखांबाजवळच पुरण्यात आले. त्याच्यानंतर लागोपाठ दोनदा (२०१८, २०१९) ही शर्यत जिंकणारा टायगर रोल मुळात सपाट शर्यतींसाठी पैदा केलेला, डर्बीविजेत्या ऑथराइज्डचा मुलगा. २०२० ची शर्यत कोरोनामुळे झालीच नाही, नाहीतर त्याला तिसऱ्या सलग विजयाची संधी होती. २०२१ मध्ये मिनेला टाइम्सवर स्वार होऊन रेचल ब्लॅकमोर ही शर्यत जिंकणारी पहिली स्त्री ठरली; पुढच्या वर्षी तिने गोल्ड कपही जिंकली. २०२५ मध्ये ट्रेनर विली मलिन्स यांच्या निक रॉकेटवर त्यांचा मुलगा पॅट्रिक, हौशी जॉकी म्हणून, जिंकला.

या शर्यतीची दुसरी बाजू टाळता येत नाही. २०१२ च्या मार्चमध्ये गोल्ड कप जिंकलेला सिंक्रनाइज्ड पुढच्याच महिन्यात एनट्रीला मरण पावला. परत येणाऱ्या घोड्यावर लोकांची माया जडते, आणि नेमके तेच घोडे लोकांच्या डोळ्यांदेखत कोसळतात. या खेळाच्या चाहत्यांनी या प्रश्नाला सर्वांत आधी सामोरे जायला हवे. २०१३ पासून एनट्रीच्या अडथळ्यांतला लाकडी गाभा काढून लवचीक प्लास्टिकचा बसवला गेला. २०२३ मध्ये प्राणिहक्क कार्यकर्त्यांच्या निदर्शनांमुळे शर्यत उशिरा सुटली. २०२४ पासून घोड्यांची संख्या ४० वरून ३४ वर आणली, पहिला अडथळा सुरुवातीच्या रेषेजवळ घेतला जेणेकरून घोडे फार वेग धरण्याआधीच तिथे पोहोचतील. त्या वर्षीच्या शर्यतीत काही जॉकी खोगिरावरून उडाले, पण एकही घोडा कोसळला नाही. घोड्याच्या डोळ्याला नारिंगी रंग हिरवळीपासून नीट वेगळा दिसत नाही, हे संशोधनातून कळल्यावर ब्रिटनमधील अडथळ्यांवरच्या नारिंगी खुणा बदलून पांढऱ्या करण्यात आल्या. हे सगळे बदल फार आधी व्हायला हवे होते.

सँडाउनचा शेवटचा दिवस हिशेबाचा असतो. हंगामातील सर्वाधिक विजयांवर अव्वल जॉकी आणि बक्षिसाच्या रकमेवर अव्वल ट्रेनर ठरतो. टोनी मॅककॉय हे सलग वीस वेळा अव्वल जॉकी होते. २००१-०२ च्या एकाच हंगामात त्यांनी २८९ शर्यती जिंकून सपाट शर्यतींतल्या गॉर्डन रिचर्ड्स यांचा १९४७ चा २६९ चा विक्रम मोडला. २५ एप्रिल २०१५ रोजी ते सँडाउनवरच निवृत्त झाले. २०२४ मध्ये विली मलिन्स यांनी आयर्लंडमध्ये तबेला असूनही ब्रिटनचे ट्रेनरपद मिळवले. असे १९५४ मधील व्हिन्सेंट ओब्रायन यांच्यानंतर प्रथमच घडले. २०२५ मध्ये डॅन स्केल्टन यांच्याशी त्यांची चुरस अगदी शेवटच्या दुपारपर्यंत टिकली आणि मलिन्स पुन्हा सरस ठरले.

पंचेसटाउन किल्डेअर परगण्यात आहे. चेल्टनमला भिडलेले घोडे इथे पुन्हा भिडतात. तिथला पराभव इथे उलटतो, किंवा थकवा दिसून येतो. निकाल वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते. मलिन्स यांच्याच क्वेवेगा या घोडीने चेल्टनमची एकच शर्यत २००९ ते २०१४ अशी सहा वेळा आणि पंचेसटाउनची तीन मैलांची हर्डल चार वेळा जिंकली. माती, बांध, दगडी भिंती ओलांडत जाणारी ला टच कप ही इथली खास शर्यत. अभिनेते शॉन कॉनरी यांच्या मालकीच्या रिस्क ऑफ थंडरने ती सात वेळा नेली. १ मे २०१९ रोजी जॉकी रुबी वॉल्श यांनी केमबॉयवर पंचेसटाउन गोल्ड कप जिंकली आणि खाली उतरून निवृत्ती जाहीर केली. घोड्यांप्रमाणे जॉकीही याच दिवसांत निरोप घेतात. ब्लॅकमोरनेही २०२५ च्या मे महिन्यात घेतला.

ब्रिटन-आयर्लंडबाहेर या शर्यतींचे पंचांग वेगळे चालते. जपानमध्ये एप्रिलच्या मध्यावर ४,२५० मीटरची नाकायामा ग्रँड जंप होते. ऑस्ट्रेलियाच्या करासीने ती २००५ ते २००७ अशी तीनदा जिंकली, २०१३ मध्ये मलिन्स व वॉल्श यांनी ब्लॅकस्टेअरमाउंटनवर. ओजू चोसानने २०१६ ते २०२० सलग पाच वेळा आणि अकराव्या वर्षी, २०२२ मध्ये, सहाव्यांदा ती जिंकली. हा घोडा खच्ची केलेला नव्हता आणि निवृत्तीनंतर पैदाशीसाठी गेला, त्यामुळे वर सांगितलेल्या नियमाला तो ठळक अपवाद आहे. अमेरिकेत एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी मेरीलँड हंट कप भरते. चार मैल, लाकडी ओंडक्यांचे २२ न हलणारे अडथळे. ती जिंकलेल्या जे ट्रम्प या घोड्याने १९६५ मध्ये ग्रँड नॅशनलही मारली.

फ्रान्सचा कळस मे महिन्यात, पॅरिसच्या ओतय रेसकोर्सवर, १८७४ पासूनच्या ग्रँ स्टीपलचेस द पारीने होतो. १९६२ मध्ये इंग्लंडच्या मँडरिनच्या तोंडातला लगामाचा भाग सुरुवातीच्याच एका उडीपाशी तुटला. जॉकी फ्रेड विंटर यांनी नुसत्या गुडघ्यांच्या दाबाने आणि अंगाच्या तोलाने वळणावळणांची ती लांब शर्यत पार केली आणि मुंडक्याच्या फरकाने जिंकली. स्वारीच्या इतिहासात याहून मोठा पराक्रम प्रस्तुत लेखकाला ठाऊक नाही.

दक्षिण गोलार्धात हिवाळा तेव्हा कुठे तोंडावर आलेला असतो. व्हिक्टोरिया राज्यातील वॉर्नंबूलचा महोत्सव मेच्या आरंभी भरतो आणि त्यातल्या ग्रँड अॅन्युअलमध्ये ३३ अडथळे असतात. दक्षिण ऑस्ट्रेलियाने मात्र २०२२ मध्ये कायद्याने अशा शर्यती बंद केल्या. चेक प्रजासत्ताकातील पार्दुबित्सेची मोठी स्टीपलचेस ऑक्टोबरमध्ये, म्हणजे ब्रिटिश हंगाम उघडतो तेव्हा, होते. १९३७ मध्ये लाता ब्रान्दिसोवा या स्त्रीने नॉर्मा घोडीवर ती जिंकली होती.

महाराष्ट्रातील शौकिनाला या सगळ्याची सांगड घालणे सोपे आहे, कारण महालक्ष्मीचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल आणि पुण्याचा पावसाळ्यात असतो, मे-जून मोकळा. आपल्याकडच्या या शर्यती सपाट असतात, त्यामुळे अडथळ्यांच्या घोड्याकडे पाहताना मोजमाप बदलावे लागते: वेळेपेक्षा उडीतली सफाई, धावपट्टीची ओल आणि पाठीवरचे वजन पाहावे. दुपारी चारला सुटणारी ग्रँड नॅशनल आपल्याकडे रात्री साडेआठला दिसते. मेच्या पहिल्या शनिवारच्या सुमारास न्यूमार्केटची टू थाउजंड गिनीज रात्री आठनंतर, आणि केंटकी डर्बी रविवारी पहाटे साडेचारच्या आसपास. तोवर जगाचे लक्ष पूर्णपणे सपाट शर्यतींकडे वळलेले असते. त्या गर्दीतही दोन गोष्टींवर नजर ठेवावी. एक, जूनमध्ये आयर्लंडमध्ये होणारे तीन वर्षांच्या, अजून न धावलेल्या घोड्यांचे लिलाव. पुढच्या दशकातले विजेते बऱ्याचदा तिथूनच निघतात. दुसरी, मे महिन्यात ट्रेनर जाहीर करतात त्या निवृत्तीच्या बातम्या. ऑक्टोबरच्या याद्या वाचायला घेण्यापूर्वी त्या वाचलेल्या असाव्यात.