बंबाखालची राख आणि न्हाणीची सफाई

आज आपण बाथरूमच्या सफाईबद्दल बोलणार आहोत. हसू नका, यातही भरपूर इतिहास दडलाय.

जुन्या नाशकात, भांडी बाजार आणि तांबट आळीच्या बाजूला कधी फिरलात, तर एखाद्या दुकानात तांब्याचा बंब दिसेल. गिझर यायच्या आधी कितीतरी घरांत आंघोळीचं पाणी यातच तापायचं. मधल्या नळीत लाकडं, गोवऱ्या, भुसा पेटवायचा, भोवती पाणी, आणि राख जाळीतून खाली पडायची. तीच राख नारळाच्या शेंडीवर घेऊन न्हाणी घासायची. म्हणजे सफाईची पावडर न्हाणीतच तयार. तीही फुकट!

हे चालायचं कसं? राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, ते अल्कधर्मी. अंगाला लावलेल्या तेलाचा फरशीवरचा चिकटपणा त्यानं सुटतो. बंब काळवंडला की मात्र चिंच लागायची. चिंचेत टार्टारिक आम्ल असतं, आपल्या नाशिकच्या द्राक्षांत असतं तेच. तांब्यावरचा काळा थर ते विरघळवतं. आज दुकानातल्या बऱ्याच बाटल्यांचं गणितही हेच आहे: चिकटपणाला अल्क, क्षारांच्या डागांना आम्ल.

मला यातली खरी गंमत वेगळीच वाटते. हा 'घरगुती क्लीनर' कुणी मुद्दाम बनवतच नव्हतं. घरात जे उरायचं, तेच कामाला यायचं. गॅस आणि गिझर आले, राख संपली, आणि पावडर विकत आणावी लागली.

पण या आठवणींत एक गोष्ट हमखास गाळली जाते. ती म्हणजे संडास. न्हाणी घरची माणसं घासायची. टोपलीचे संडास साफ करणं मात्र ठरावीक जातींवर लादलेलं होतं. 1932 मध्ये अप्पासाहेब पटवर्धनांनी रत्नागिरीच्या तुरुंगात 'हे काम मलाही करू द्या' म्हणून उपोषण केलं. येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपोषण केलं. हातानं मैला उचलायला लावण्याविरुद्ध देशाचा कायदा आला तो थेट 1993 मध्ये, आणि जास्त कडक कायदा 2013 मध्ये. म्हणून 'पूर्वी सगळं घरच्या घरी साफ व्हायचं' हे वाक्य अर्धंच खरं आहे.

आता आजचं बोलू. राख नसली तरी पिळलेल्या लिंबाची साल आहे, चिंचेचा चोथा आहे. नळावरच्या पांढऱ्या क्षारांवर चोळा, दहा मिनिटांनी धुवा. पण शहाबादी, कडप्पा किंवा संगमरवरावर नको. हे चुन्याचे दगड, आंबट लागलं की त्यांची झिलई जाते. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र ओतला की फेस मस्त येतो, पण दोघं एकमेकांचा जोर मारतात. वापरायचे तर वेगवेगळे वापरा.

आणि हे नीट ऐका: ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा अ‍ॅसिड कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. वस्तू स्वयंपाकघरातली आहे, एवढ्यानं ती निरुपद्रवी ठरत नाही.

तुमच्या घरच्या बंबाचं पुढे काय झालं? मोडीत गेला की दिवाणखान्यात शोभेला बसला? घरी विचारा आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात!