रक्ताचा रंग आणि वाणीचें स्थान

कवटी उघडून मेंदू डोळ्यांसमोर आला तरी वाणीचें स्थान कोठें संपतें आणि रोगट गांठीबरोबर कापून टाकण्याजोगा भाग कोठें सुरू होतो, याची रेघ निसर्गानें तेथें ओढून ठेवलेली नाहीं. सर्व माणसांत तें स्थान नेमकें एकाच जागीं सांपडेल असाहि भरंवसा नाहीं. शस्त्रवैद्याचा हात थोडा चुकला तर रोगी जगतो, पण मुलांचीं नांवें त्याच्या ओठांवर येत नाहींत.

यावर पहिला उपाय सांपडला तो विजेचा. बर्लिन येथें फ्रिट्श व हिट्झिग यांनीं १८७० सालीं कुत्र्याच्या मेंदूस विजेचा स्पर्श करून त्याचे पाय हालविले. पुढें माँट्रियल येथें वाइल्डर पेनफील्ड यांनीं अपस्माराच्या रोग्यास जागा ठेवून हीच युक्ति योजिली. विद्युत्स्पर्श होतांच जेथें बोट हाले किंवा बोलणें अडे, तेथें ते आंकडा लिहिलेला चिमुकला कागद ठेवीत. रीत खात्रीची खरी. पण एकेक ठिकाण चाचपीत जावयाचें, आणि प्रवाह किंचित् अधिक झाला तर तेथेंच झटका यावयाचा!

प्रकाशाकडे जाणारी वाट मात्र रक्तांतून निघाली. मेंदूचा जो भाग कामास लागतो त्याकडे रक्त अधिक वाहतें, ही कल्पना रॉय व शेरिंग्टन यांनीं १८९० सालीं इंग्लंडांत मांडली. तिचा मनुष्यांतील जो पुरावा जॉन फुल्टन यांनीं १९२८ सालीं प्रसिद्ध केला, तो मला या साऱ्या इतिहासांत अत्यंत मनोवेधक वाटतो. बोस्टन येथील एका तरुण खलाशाच्या मेंदूंत, दृष्टिकेंद्रावरच, रक्तवाहिन्यांचा विकृत गुंता होता. हार्वे कुशिंग यांनीं शस्त्रक्रिया केली, पण तो काढतां आला नाहीं. डोक्याच्या मागें नळी लावली कीं रक्ताचा घूंघूं नाद ऐकूं येई. आणि खलाशी वाचूं लागला कीं तो वाढे. वास घेतांना तसें होत नसे. एकानें मनांत वाचावें आणि दुसऱ्यानें तें कानानें ऐकावें!

कानास कळलेलें डोळ्यास दिसावयास अर्धें शतक लागलें. प्राणवायु खर्चलेलें रक्त तांबडा प्रकाश अधिक शोषतें. याच भेदावर १९८६ सालीं ग्रिनवाल्ड व त्यांचे सहकारी यांनीं मांजराच्या दृष्टिकेंद्राचा नकाशा कॅमेऱ्यानें टिपला. प्रकाशांतील फरक हजारांत एखाद्या भागाएवढा! १९९२ सालीं सिएटल येथील हॅग्लंड, ओजमन व हॉकमन यांनीं जाग्या रोग्यांच्या उघड्या मेंदूवर तोच प्रयोग करून बोलण्याच्या वेळचे बदल टिपले. मेंदू नाडीबरोबर व श्वासाबरोबर हालतो, त्यामुळें चित्रें स्थिर राखण्याचा खटाटोपच मोठा.

येथें एक अडचण उरते. प्रकाशांत दिसतो तो कामांत भाग घेणारा प्रदेश. त्याच्यावांचून काम अडेल कीं नाहीं, हें रंगावरून कळत नाहीं. तें कळतें विजेनें बोलणें क्षणभर थांबवूनच. म्हणून पडद्यावर चित्र असलें तरी कापण्यापूर्वीं शस्त्रवैद्य विजेची कांडी हातीं घेतो, आणि रोग्यासमोर पानाचें वा पक्ष्याचें चित्र धरून कोणीतरी विचारतो, हें काय आहे?