छोट्या पडद्यावरील विश्व आणि तालुक्याचा प्रेक्षक : उमरेड परिसराच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना

भारतीय दूरचित्रवाणीच्या इतिहासलेखनात उपग्रह, प्रक्षेपण केंद्रे व शासकीय धोरणे यांना जेवढे स्थान लाभले, तेवढे पडद्यासमोर बसलेल्या माणसाला लाभले नाही. विज्ञानविषयक मालिकांच्या बाबतीत तर त्याचा विचार 'अंधश्रद्धा दूर झाली की नाही' एवढ्याच प्रश्नापुरता झालेला दिसतो. परंतु प्रेक्षक कोऱ्या पाटीने पडद्यासमोर बसत नाही. त्याच्याजवळ स्वतःचे आकाश असते, स्वतःचे शब्द असतात. नागपूरपासून सुमारे ४५ कि.मी. अंतरावरील उमरेड हे शेती व कोळसा खाण या दोहोंवर जगणारे तालुक्याचे गाव समोर ठेवून प्रस्तुत लेखात या मुद्द्याचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

दिनांक १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत 'साइट' हा प्रयोग झाला. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे तत्कालीन संचालक प्रा. यशपाल हे त्याचे सूत्रधार होते. या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. विदर्भाच्या पूर्वेस असलेल्या रायपूर परिसरातील खेड्यांत मात्र सामुदायिक संच बसले होते. १९८२ मध्ये नागपुरात दूरदर्शन केंद्र आले. ३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा अंतराळात गेले आणि त्यांचा पंतप्रधानांशी झालेला संवाद घरोघरी पाहिला गेला. पुढे 'कॉसमॉस', नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी 'टर्निंग पॉइंट' व १९९४-९५ मध्ये डॉ. जयंत नारळीकर यांची १७ भागांची 'ब्रह्मांड' असा हा क्रम आहे.

शब्दांचा प्रश्न

'ब्रह्मांड' या शीर्षकापाशीच मराठी प्रेक्षकाला थोडे थांबावे लागते. हिंदीत हा शब्द खगोलशास्त्राची रूढ संज्ञा आहे; मराठी विज्ञानलेखनात मात्र 'विश्व' हा शब्द स्थिरावला. मराठी माणसाच्या कानाला 'ब्रह्मांड' म्हटले की 'पिंडी ते ब्रह्मांडी' हे संतपरंपरेतून आलेले वचन आठवते, नाही तर संकटात 'ब्रह्मांड आठवणे' हा वाक्प्रचार. एकात देह आणि विश्व यांचे ऐक्य आहे, दुसऱ्यात माणसाची गाळण. मालिकेला अभिप्रेत असलेले निर्विकार, मोजता येणारे विश्व या दोहोंपासून दूरचे होते. 'प्रकाशवर्ष' या संज्ञेचेही तसेच. शेवटी 'वर्ष' असल्यामुळे ऐकणारा ते कालाचे माप समजतो. ते अंतराचे आहे, हे वर्गातही पुनःपुन्हा सांगावे लागते.

नक्षत्रांचे दुहेरी आकाश

उमरेड परिसरातील शेतकऱ्याला नक्षत्रे अपरिचित नव्हती. जूनच्या ७-८ तारखेस मृग लागतो, मागून आर्द्रा येते आणि पेरणीचा हिशेब त्यावर चालतो. 'मृग लागला' याचा अर्थ सूर्य त्या नक्षत्रात आला असा होय. त्यामुळे त्या दिवसांत मृगाचे तारे सूर्यतेजात लोपलेले असतात. ते रात्री उत्तम दिसतात हिवाळ्यात. म्हणजे शेतकऱ्याचा मृग हा मुख्यतः पंचांगातला व पावसाचा मृग होता. दूरदर्शनने दाखवलेला मृग वेगळा होता. तेथे तारे एकमेकांपासून प्रचंड अंतरावर होते, वायूंच्या मेघांतून नवे तारे जन्मत होते. एकाच नावाची ही दोन आकाशे एका घरात नांदू शकतात, आणि यात विसंगती आहे असे त्या घरातील कोणास वाटण्याचे कारण नाही. एकाचा उपयोग पेरणीसाठी, दुसऱ्याचा नवलासाठी.

कालाबाबत उमरेडची स्थिती अधिक लक्षणीय म्हणावी लागेल. येथील उघड्या खाणीतून निघणारा कोळसा गोंडवाना काळातील, म्हणजे सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या थरांतील आहे. कोट्यवधी वर्षांचा काळ ही पडद्यावरची कल्पना येथे पाळीवर जाणाऱ्या कामगाराच्या पायाखाली होती.

'योगायोग' हा गाळलेला शब्द

१९८० मध्ये अमेरिकेत प्रथम प्रसारित झालेल्या 'कॉसमॉस'च्या दहाव्या भागात कार्ल सेगन तामिळनाडूतील मंदिरात उभे राहून हिंदू विश्वकल्पनेतील कालमानाविषयी बोलतात. एक कल्प ४३२ कोटी वर्षांचा. ब्रह्मदेवाचे अहोरात्र ८६४ कोटींचे. आधुनिक विज्ञानाने पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे ठरवले आहे. ही जवळीक योगायोगाने आलेली आहे, असे सेगन त्याच ओघात स्पष्टपणे म्हणतात. पूजेच्या संकल्पात कल्प व मन्वंतर यांचा उच्चार नित्य ऐकणाऱ्या प्रेक्षकाला हा भाग आपल्या घरचा वाटला असल्यास नवल नाही. परंतु पुढे सेगन यांचा हवाला देऊन जे असंख्य वेळा सांगितले गेले, त्यातून 'योगायोग' तेवढा गळाला. येथे प्रेक्षकाच्या अर्थबोधाची मर्यादा मान्य करावी लागते. परिचित शब्दाने दार उघडते खरे, पण त्याच दारातून नको ते निष्कर्षही आत येतात. सुशिक्षित वर्ग या बाबतीत शेतकऱ्याच्या पुढे होता असे मुळीच म्हणता येत नाही. गळती बव्हंशी त्याच वर्गात झाली.

१९९५ चे दोन प्रसंग

'ब्रह्मांड'च्याच काळात, २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीची मूर्ती दूध पिते अशी वार्ता देशभर पसरली. पृष्ठताणाने दूध चमच्यातून ओढले जाते व मूर्तीवरून खाली ओघळते, हे वैज्ञानिकांनी रंगीत दूध वापरून दाखवले. त्यानंतर जेमतेम महिन्याने, २४ ऑक्टोबरला, राजस्थानपासून बंगालपर्यंतच्या पट्ट्यात दिसलेले खग्रास सूर्यग्रहण दूरदर्शनने थेट दाखवले आणि प्रा. यशपाल यांनी ते समजावून सांगितले. तेच संच, तेच प्रेक्षक. या दोन घटनांपैकी एकीवरून समाज अंधश्रद्ध व दुसरीवरून तो विज्ञाननिष्ठ ठरवणे सोयीचे आहे. इतिहास म्हणून ते टिकणारे नाही.

प्रश्न विचारण्याची सोय

या मालिकांपैकी 'टर्निंग पॉइंट'चे वेगळेपण असे की, तीत प्रेक्षकांच्या पत्रांतील प्रश्न घेतले जात आणि प्रा. यशपाल त्यांना साध्या भाषेत उत्तरे देत. डॉ. नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवण्यास सांगत व स्वतः उत्तर धाडत. दोन्ही ठिकाणी प्रेक्षकाला आपले न समजलेले शब्दांत मांडावे लागे. मालिका पाहण्यापेक्षा हे काम अवघड होते, आणि तालुक्याच्या गावातून त्याला पोस्टकार्डाएवढाच खर्च येत असे.

उलट दिशेचा प्रवास मात्र उशिरा झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे खगोलशास्त्रज्ञ मयंक वाहिया व गणेश हलकारे यांनी विदर्भातील गोंड वस्त्यांत जाऊन तेथील लोकांना आकाशाविषयी विचारले. त्यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सप्तर्षीतील चार ताऱ्यांत तेथील लोकांना बाज दिसते, असे त्यात नोंदवले आहे. महाराष्ट्रात अन्यत्रही म्हातारीची खाट आणि ती पळवू पाहणारे तीन चोर ही कथा आजीच्या तोंडून ऐकू येते. दूरदर्शनच्या कोणत्याही मालिकेत ती बाज आली नव्हती.