सतारीखालचा भुसा

काही वर्षांपूर्वी एम.ए.च्या विद्यार्थ्यांना घेऊन मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जाण्याचा योग आला. विद्यार्थ्यांनी अपेक्षित प्रश्न विचारले. भोपळा कोठून येतो, लाकूड कोणते, एक तंबोरा पुरा व्हायला किती दिवस लागतात. एका विद्यार्थिनीने मात्र कारागिराच्या पायाशी साचलेल्या ढिगाकडे बोट दाखवून विचारले, "आणि हे कुठं जातं?" वयस्कर कारागीर हसले. "थोडं बंबात जातंय, थोडं गटारात. ऱ्हायलेलं आमच्या छातीत," असे म्हणून त्यांनी पुन्हा कानस उचलली.

उत्तर गमतीने दिले होते. परंतु ते मनातून गेले नाही. आपल्याकडे कारागिरीचा इतिहास लिहिला जातो तो घडलेल्या वस्तूंचा. नांगर, रथ, देव्हारा, सतार यांना इतिहास असतो. त्या घडत असताना जे खाली पडते, त्याला कोणी इतिहासाचे साधन मानत नाही. वास्तविक कोणत्या हत्याराने काम झाले, कोणाच्या घरी झाले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे सांगणारा पुरावा त्या ढिगातच असतो.

प्रथम भाषेकडे पाहू. लाकडातून निघणाऱ्या कचऱ्याला मराठीत एक नाव नाही, अनेक आहेत. आणि प्रत्येक नावामागे एक हत्यार उभे आहे. वाकसाने तासले की ढलपी उडते. रंधा मारला की छिलका निघतो, पातळ आणि गुंडाळलेला. करवतीखाली भुसा पडतो. कानशीने घासले की कीस निघतो आणि काचकागदाने घासले की नुसती धूळ. ढलपीपासून धुळीपर्यंतचा हा क्रम म्हणजे ओबडधोबड ओंडक्यापासून गुळगुळीत वस्तूपर्यंतचा क्रम होय. काम जसजसे नाजूक होत जाते, तसतसा कचरा बारीक होत जातो. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढचे सारे विवेचन तिच्यावर आधारलेले आहे.

या शब्दांना आपल्या बोलण्यात मानाचे स्थान मिळालेले नाही. मठ्ठ माणसाच्या डोक्यात भुसा भरलेला असतो. निरर्थक चर्चा करणारा शब्दांचा कीस पाडतो. आम्हा समीक्षकांवर हा आरोप नेहमीचाच. दुर्लक्षित पोथी धूळ खात पडते. ही सारी रूपके टाकाऊपणाची आहेत. भुसा ज्याच्या अंगावर उडतो त्याने ती घडवली असती, तर ती कदाचित वेगळी झाली असती.

सातारा आणि सांगली हे आजचे दोन जिल्हे. मिरज संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले आणि १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' हा जिल्हा अस्तित्वात आला. १९६० मध्ये त्याचेच नाव सांगली झाले. या मुलखातल्या गावगाड्यात सुतार हा बलुतेदारांच्या पहिल्या ओळीतला. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' (१९१५) मध्ये ज्या व्यवस्थेचे वर्णन केले, तिच्यात कुणब्याचे नांगर, कुळव, पाभर, मोट यांचे लाकूडकाम सुताराकडे आणि त्याबदल्यात खळ्यावरचे धान्य, असा व्यवहार होता. बाभळीच्या ओंडक्यावर वाकस चालवण्याचे हे काम बहुधा उघड्यावर, झाडाखाली किंवा अंगणात होई. पडणारी ढलपी मोठी असे, हवेत तरंगत नसे, आणि वेचून सरळ चुलीत जाई. त्या अर्थव्यवस्थेत कचरा नावाची वस्तूच फारशी नव्हती. म्हणून ती व्यवस्था न्याय्य होती असे नव्हे. जातीने बांधलेल्या श्रमाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु त्या सुताराच्या कामातली निदान धूळ तरी वारा घेऊन जात असे.

पुढे १९१० मध्ये कुंडल रोडला लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना उभा राहिला, किर्लोस्करवाडी वसली आणि लोखंडी नांगर शेतात आला. लाकडी नांगर हळूहळू मागे पडला. मात्र लोखंडी नांगराचा ओतीव भाग घडवायलाही आधी लाकडी साचा लागतो, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. म्हणजे सुताराचे काम संपले नाही. ते अंगणातून छपराखाली गेले. छपराबरोबर भिंती आल्या, आणि भिंतींच्या आत जे उडते ते आतच राहते.

सांगलीच्या सांस्कृतिक इतिहासातही हा भुसा दिसतो, पाहायचे ठरवले तर. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणले, हे आमचे विद्यार्थी परीक्षेत न चुकता लिहितात. त्याच भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या. त्या पुढे पाध्ये कुटुंबाकडे आल्या आणि रामदास पाध्ये यांनी त्यांना पुन्हा उभे केले. मराठी नाटकाचा आद्य प्रवर्तक हा लाकूड कोरणारा माणूसही होता, हे वाक्य आपल्या वाङ्मयेतिहासात तळटीपेच्या वर क्वचितच येते.

आता मिरजेकडे वळू. येथील वाद्यनिर्मितीचा आरंभ साधारणपणे १८५० च्या सुमारास मानला जातो आणि परंपरेत फरीदसाहेबांचे नाव पहिले घेतले जाते. हे घराणे शिकलगारांचे. शिकलगार म्हणजे तलवारी, कट्यारी यांना धार आणि झिलई देणारे. इंग्रजी अमलात शस्त्रांची मागणी सरली. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांकडे गायक-वादकांची ये-जा होती, त्यांची वाद्ये नादुरुस्त होत. दुरुस्ती करता करता निर्मिती साधली. 'सतारमेकर' हे आडनाव त्यातूनच आले. एक अंग मराठी, दुसरे इंग्रजी. घासण्याचे कसब तेच राहिले. पात्याच्या जागी लाकूड आले.

मिरजेचे भाग्य असे की मागणी गावातच होती. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णू दिगंबर पलुसकर येथेच शिकले. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. संगीत दरबारातून वर्गात आले, तेव्हा तंबोराही दरबारातून वर्गात आला. अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. वाद्यदुरुस्तीची त्यांना उत्तम जाण होती. १९३७ मध्ये ते वारले आणि मिरजेच्या दर्ग्यातच त्यांचे दफन झाले.

तंबोरा घडतो कसा, हे कचऱ्याच्या अंगाने पाहावे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून वाळलेले मोठे भोपळे येतात. भोपळा पाण्यात भिजवून कापतात, आतला गर आणि बिया खरवडून काढतात. हा ओला कचरा, निरुपद्रवी. दांडी आणि तबली तुनीच्या लाकडाची. करवतीचा भुसा, पटाशीच्या ढलप्या, रंध्याचे छिलके येथे पडतात. मग घोडी. ती हाडाची, सांबरशिंगाची किंवा काळ्या लाकडाची. तिच्यावर तार टेकते तो पृष्ठभाग कानशीने अगदी केसभर घासून जवारी काढतात. तंबोऱ्याचा झंकार या घासण्यावर अवलंबून असतो. शेवटी काचकागद, लाखेचे पॉलिश, पुन्हा काचकागद. म्हणजे ज्या टप्प्यावर लाकडाचे वाद्य होते, त्याच टप्प्यावर सर्वांत बारीक धूळ उडते. आणि त्याच वेळी कारागिराचा चेहरा कामाच्या सर्वांत जवळ असतो. जवारी दुरून काढता येत नाही.

यातला जाड भुसा पूर्वी वाया जात नसे. सांगली-मिरजेच्या घरांत आंघोळीच्या पाण्याचा बंब ढलप्यांवर पेटे. भुशाची शेगडी तर अनेकांना आठवत असेल. पत्र्याच्या डब्याच्या मधोमध बाटली किंवा दांडका उभा करायचा, भोवती भुसा ठोकून ठोकून भरायचा, दांडका अलगद काढायचा आणि खालच्या भोकातून पेटवायचे. ती तासन्‌तास धुमसत राही. गरिबाघरची डाळ तिच्यावर शिजे. बर्फाच्या लाद्या भुशात गुंडाळून बाजारात येत. म्हैसाळच्या देवलांच्या सर्कशीने ज्या खेळाला नाव मिळवून दिले, त्या खेळाच्या रिंगणातही भुसाच पसरलेला असे. घरोघरी गॅस आला, फ्रीज आला, सर्कशी बसल्या. भुशाचे गिऱ्हाईक गेले आणि तो गटारात गेला.

एक उपयोग मात्र अजून टिकून आहे. लाकडात बारीक फट राहिली तर त्याच लाकडाची धूळ सरसात कालवून तिच्यात भरतात. वाळल्यावर घासले की जोड दिसत नाही. वाद्याची उणीव वाद्याच्याच धुळीने भरून निघते. कारागिराची उणीव कशाने भरायची, हा प्रश्न तिथेच सुरू होतो.

ज्याला नाकाने अडवता येते ते जाड कण. साधारण दहा मायक्रॉनहून लहान, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या सातव्या हिश्श्याहूनही बारीक कण, नाक ओलांडून खाली जाऊ शकतात. ते डोळ्याला दिसत नाहीत. कवडशात दिसते ती त्यांची मोठी भावंडे. इंग्लंडमधील हाय विकम हे खुर्च्या बनवणाऱ्यांचे गाव. तेथील कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉ. एस्मी हॅडफील्ड यांच्या १९६०च्या दशकात लक्षात आले, की नाकाचा एक अत्यंत दुर्मीळ कर्करोग त्यांच्याकडे येणाऱ्या फर्निचर कारागिरांत वारंवार दिसतो. डोनाल्ड ॲचेसन यांच्याबरोबर झालेल्या पाहणीतून हा संबंध सिद्ध झाला. १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीचा समावेश माणसात निश्चितपणे कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत केला. तो पुरावा मुख्यतः ओक, बीच यांसारख्या लाकडांचा होता, हे नमूद केले पाहिजे. परंतु दमा, सर्दी, त्वचेची खाज यांसाठी कर्करोगापर्यंत जाण्याची गरज नाही. शिसवी वर्गातील लाकडांची धूळ त्यासाठी कुप्रसिद्धच आहे.

मिरज हे वैद्यकीय गावही आहे. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये येथे मिशन रुग्णालय उभारले. सांगली-मिरजेच्या मधे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले. दूरदूरचे रोगी छाती दाखवायला मिरजेत येत, आणि दूरदूरचे गवई तंबोरा न्यायला. एकाच गावात श्वासाचे दोन इतिहास शेजारी शेजारी वाढले. गवयाच्या दमसासाविषयी आपण पानेच्या पाने लिहिली. त्याच्या मागे झंकारणारा तंबोरा घासताना कोणाचा दम किती गेला, याविषयी आपल्या संगीतविषयक लेखनात ओळ सापडणे कठीण.

यावर उपाय नाही असे नव्हे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या चौदाव्या कलमात धूळ तिच्या उगमाजवळच खेचून घेण्याची व्यवस्था मालकाने करावी, असे स्पष्ट म्हटले होते. 'उगमाजवळ' हा शब्द महत्त्वाचा. खोलीच्या कोपऱ्यात पंखा लावून भागत नाही. शोषण्याचे तोंड कामाच्या वितीभर अंतरावर हवे. मोठ्या कारखान्यात नळीने ओढलेली हवा नरसाळ्यासारख्या भांड्यात गरगर फिरवतात. जड ढलप्या कडेला आपटून खाली पडतात आणि बारीक धूळ कापडी पिशवीत अडते. परंतु हा कायदा यंत्रशक्ती वापरणाऱ्या दहा आणि न वापरणाऱ्या वीस कामगारांच्या जागेपासून पुढे लागू होई. २०२० च्या संहितेने तो उंबरठा वीस आणि चाळीसवर नेला. बाप, दोन मुले आणि एक पुतण्या एवढ्यांची सतारमेकराची खोली त्या उंबरठ्याच्या कायम बाहेरच.

कारागीर वाकसावर होता तोवर हे फारसे बिघडत नव्हते. आता हातात विजेवर फिरणारी घासणी आली आहे. चार तासांचे काम अर्ध्या तासात होते आणि चार तासांची धूळही अर्ध्या तासात उडते, अधिक बारीक होऊन. संध्याकाळी कोरडा केरसुणीचा हात फिरला की खाली बसलेली तेवढी पुन्हा उठते. जुनी माणसे झाडण्यापूर्वी जमिनीवर ओला भुसा पसरत, म्हणजे धूळ त्याला चिकटून येई. भुशाने भुसा गोळा करण्याची ही पद्धत आजही फुकट आहे. तिच्या जोडीला नाकावर चांगली मुखपट्टी आणि मांडीजवळ एक शोषणारी नळी एवढे झाले, तरी बराच फरक पडेल.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा आनंद आहेच. मानांकन वस्तूच्या नावाचे रक्षण करते. तिची नक्कल दुसरीकडे होऊ नये एवढे पाहते. घडवणाऱ्याच्या छातीचे रक्षण करणे हा त्याचा विषय नाही. तो कोणाचा विषय आहे, हे अद्याप ठरायचे आहे. संगीतसभांचे आयोजक, वाद्य विकत घेणारे आपण, संशोधनाचे विषय सुचवणारे आम्ही अध्यापक, कोणीच त्यातून सुटत नाही.

त्या विद्यार्थिनीने पुढे लघुप्रबंधासाठी हाच विषय घ्यावा, असे मी सुचवले होते. तिने विचारले, "सर, याला संदर्भग्रंथ कोणते?" मी म्हणालो, ग्रंथ मिळतील तेवढे वाच, पण आधी पुन्हा त्या गल्लीत जा, संध्याकाळी झाडायच्या वेळी.