केवलादेव घना : पाणथळीतील वाटेचा पूर्वेतिहास

भरतपूरच्या केवलादेव घना राष्ट्रीय उद्यानातील मुख्य वाट सपाट आहे. ज्यांस चालणे जड जाते, त्यांनाही रिक्षात बसून चित्रबलाक, बगळे व पाणकावळे जवळून न्याहाळता येतात. रिक्षावालेच पुष्कळदा पक्ष्यांची ओळख करून देतात. परंतु ही सोय निसर्गशिक्षणाच्या हेतूने झालेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भरतपूर संस्थानाने बदकांच्या शिकारीसाठी या खोलगट भूमीत अजान बांधाचे पाणी खेळविले आणि आत लहानमोठे बांध घातले. आजचा अभ्यासक बव्हंशी त्याच बांधांवरून हिंडतो. मंदिराजवळ शिकारीचे आकडे शिळेवर कोरलेले आहेत. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी, व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या उपस्थितीत, ४,२७३ पक्षी एका दिवसात मारले गेले!

पाणथळीचे शास्त्र मात्र या शिळेपेक्षा म्हशीपाशी अधिक उलगडते. नोव्हेंबर १९८२ मध्ये येथील गुरचराई बंद करण्यात आली; ग्रामस्थ व पोलीस यांच्या संघर्षात माणसे मेली. पक्ष्यांच्या हितासाठीच हा निर्णय झाला होता. पुढे गवत माजून मोकळे पाणी आकसू लागले, आणि म्हशींच्या चरण्यामुळेच ते आटोक्यात राहत होते, असे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ पाहणीत आढळले.