तांड्यापासून ट्रकपर्यंत : बऱ्हाणपूरच्या सारथ्यांचा इतिहास

बऱ्हाणपूरचा इतिहास म्हटला की शाही किल्ला, मुमताज महल आणि कुंडी भंडारा ही नावे पुढे येतात. पण सुरतहून आग्र्याला जाणाऱ्या वाटेवरचे हे शहर मोठे झाले ते मालाच्या ये-जा करण्याने. तो माल वाहणाऱ्यांचे नाव मात्र कोठे कोरलेले नाही.

सतराव्या शतकात येथून गेलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच व्यापाऱ्याने आपल्या येथील मलमलीचे कौतुक केले आहे. हिंदुस्थानच्या वाटांवर भेटणाऱ्या, दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचेही वर्णन त्याने केले आहे. पुढे रेल्वे आली आणि लांबचा माल तिच्याकडे गेला. परंतु स्टेशन पडले लालबागला, शहराबाहेर. त्यामुळे बैलगाडी सुटली नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विकलेले ट्रक देशभर मालवाहतुकीत आले. १९५४ मध्ये टाटांनी जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले. १९६९ मध्ये करार संपला, तारा गेला, टाटांचे चिन्ह आले; लोकांच्या तोंडी मात्र 'मर्सिडीज' हेच नाव पुष्कळ वर्षे राहिले. याच गाड्यांतली एक '१२१०' : बारा टन एकूण वजन, सुमारे शंभर अश्वशक्ती.

या गाड्यांना पॉवर स्टीअरिंग नव्हते. गियर बदलताना क्लच दोनदा दाबावा लागे. इंदूरकडे जाताना भेरूघाट, पावसाळ्यात मोरटक्क्याला नर्मदेचा पूर, परतताना असीरगडाचा चढ. दुसऱ्या बाजूला इच्छापूरची सरहद्द आणि परमिटाची कागदपत्रे. केळीची गाडी असेल तर थांबून चालत नसे, घड वाटेतच पिकत.

ही विद्या शाळेत मिळत नव्हती. मुलगा आधी क्लीनर होई. ताडपत्री बांधणे, चाकामागे दगड लावणे, टायरवर हात मारून आवाज ओळखणे, हे सारे उस्तादाकडून शिकायचे. आणि उस्ताद पुष्कळदा वडील, काका किंवा मामाच असे. म्हणूनच स्टीअरिंग एका पिढीकडून दुसरीकडे जाई. घरातल्या बायका मात्र आठ-आठ दिवस निरोपाची वाट पाहत संसार चालवीत. तोही या इतिहासाचाच भाग आहे.

१९७५ मध्ये राष्ट्रीय परमिट आले, २०१७ मध्ये जीएसटीमुळे करनाके उठले. रस्ता सोपा होत आहे, पण आता या व्यवसायात यायला मुले फारशी तयार नाहीत. जुन्या गाड्या भंगारात चालल्या आहेत, त्या चालवणारे हात थकले आहेत.

आपल्यापैकी काही घरांत एखादे जुने लायसन्स, बिल्टी किंवा बॉनेटसमोर काढलेला फोटो असेल. तो रद्दीत जाऊ देऊ नये. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून त्यामागे नाव, साल आणि गाडीचा नंबर लिहून ठेवावा. बैलांच्या तांड्यांची हकिकत एका परदेशी माणसाने लिहिली. ट्रकांची तरी आपण लिहू या.

गणपती बाप्पा मोरया!